निक तुमचा तुम्ही घाला

ऑक्टोबरची पहिली तारीख जवळ येऊ लागली तशी ॲडलेडपासून दोनेक तासांवरच्या वॉलारू बंदरातल्या वाफवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

आता वाफवाले म्हणजे कोण? तर उभा जन्म ज्यांनी सिगारेटी फुंकल्या, सोडायच्या म्हणून शपथा घेतल्या, मोडल्या, पुन्हा घेतल्या, आणि शेवटी बॅटरीवर चालणारी ती नळी तोंडाला लावून धुरातून कसेबसे बाहेर पडले, ते. बंदरात पोती वाहिलेली, ट्रक चालवलेली, लेकरं वाढवलेली साधी माणसं. आपण सुटलो असं त्यांच्यातलं कुणी म्हणत नसे. सिगारेट सुटली, निकोटीन उरलं. एवढी एक पायरी उतरलो, असंच ती म्हणत. पण त्या एका पायरीसाठी त्यांनी केवढं सोसलं होतं, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

आणि आता सरकारनं त्या पायरीलाच हात घातला होता. दुकानात नळीत भरायला मिळायचा तो नुसता रस. आंब्याचा, पुदिन्याचा, स्ट्रॉबेरीचा. त्यात निकोटीन घालून विकायला आधीपासूनच बंदी होती. निकोटीन ज्याचं त्यानं न्यूझीलंडहून टपालानं मागवायचं आणि घरी रसात मिसळायचं, हा इथला रिवाज. ते टपाल आता डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय येणार नव्हतं.

शनिवारी दुपारी डॅझच्या पत्र्याच्या शेडमध्ये मंडळी जमली. डॅझ म्हणजे निवृत्त ट्रकवाला. पोट पुढं, आवाज त्याच्याही पुढं.

"माझे दोन फ्रीज निकोटीनच्या बाटल्यांनी गच्च भरलेत," तो म्हणाला. "बायको विचारते, दूध कुठं ठेवू? म्हटलं, चहात ठेव."

"माझं चर्चमध्ये आहे," बेरिल म्हणाली. ती चर्चमधली ऑर्गन वाजवणारी, पंचाहत्तरीची, चष्म्याला साखळी लावणारी बाई. "ऑर्गनच्या बाकाखाली. तिथं गारवा असतो."

"देवाच्या घरात, बेरिल?"

"देवाला माहीत आहे. आणि त्याला चिठ्ठी लागत नाही."

सगळे हसले. पण हसू फार टिकलं नाही. डॅझनं मांडीवर थाप मारली. "मला एवढंच सांगा, सिगारेटचं पाकीट कोपऱ्यावरच्या दुकानात तसंच मिळणार ना? त्याला ना चिठ्ठी, ना डॉक्टर. ज्यानं मारलं त्याला दार उघडं, आणि ज्यानं वाचवलं त्याला कुलूप!"

"पोरांच्या हाती लागतं म्हणून करतायत," कोपऱ्यातून कोरल म्हणाली. "शाळेच्या मागं जाऊन बघ. माझा नातू सांगत होता."

"मग तू कुणाच्या बाजूची?"

"मी माझ्या फ्रीझरच्या बाजूची," कोरल म्हणाली, आणि पुन्हा हशा पिकला.

कोरल ट्रेव्होरो गावातल्या बेकरीत कामाला होती. पहाटे उठून मांस-बटाट्याच्या, करंजीसारख्या पेस्ट्या वळायच्या, कडा मुडपायच्या, भट्टीत सारायच्या. हात पिठाचा, डोळा वजनाचा. चार वर्षांपूर्वी तिनं सिगारेट टाकली ती टाकलीच. तिचा साठा कधीच करून झाला होता. कपडे धुण्याच्या खोलीत आडवा मोठा फ्रीझर. त्यात वर खेकडे, मध्ये पेस्ट्या, आणि तळाशी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, लोकरीच्या मोज्यांत गुंडाळलेल्या काळ्या काचेच्या बाटल्या. अस्सल निकोटीन ते. जहरच म्हणा ना. नातवंडं यायची, म्हणून फ्रीझरला कुलूप आणि किल्ली गळ्यातल्या क्रुसाच्या साखळीत. तिच्या हिशेबानं तिला आता मरेपर्यंत कुणाचं तोंड बघायला नको होतं.

पण तिच्या जिवाला घोर होता तो स्वतःचा नव्हे, क्लेमचा.

क्लेम तिचा थोरला भाऊ. बंदरातल्या धान्याच्या कोठारांवर जन्म गेला, जून नावाची बायको जाऊन सहा वर्षं झाली, दोन गल्ल्या पलीकडे एकटाच राहायचा. रविवारी चर्चमध्ये तो मागच्या रांगेत उभा राही आणि खालचा सूर लावी. काय तो सूर! आवाज कसला, जमिनीखालून पाणी वाहावं तसा. ट्रेव्होरोंचं घराणंच गाणाऱ्यांचं. पणजोबा सातासमुद्रापलीकडच्या कॉर्नवॉलहून इथल्या तांब्याच्या खाणीत खपायला आले ते नाताळची गाणी बरोबर घेऊन आले, म्हणतात. त्या गाण्यांतला खालचा सूर बापानंतर क्लेमकडे आला. आणि बापाचा खोकलाही.

सिगारेट सोडायचं त्यानं किती वेळा केलं! दंडावर निकोटीनच्या पट्ट्या लावल्या, तसलाच च्युइंगगम चघळला, पोर्ट पिरीला जाऊन एका संमोहनवाल्यासमोर डोळे मिटून झोपला. एकदा तर सिगारेटी घरी ठेवून मित्राच्या होडीत मासेमारीला गेला आणि दुसऱ्याच दिवशी त्या मित्राला होडी वळवायला लावली. शेवटी यंदा हिवाळ्यात, म्हणजे इथल्या जुलै-ऑगस्टात, कोरलनं आपली जुनी नळी त्याच्या हातात ठेवली, स्वतः मिसळलेल्या रसाची बाटली दिली. क्लेम त्या नळीला किटली म्हणायचा. आणि काय नवल, किटली लागू पडली! महिना होऊन गेला, क्लेमनं सिगारेटला हात लावला नाही.

तेव्हा तो म्हणाला होता, "कोरल, हा शेवटचा प्रयत्न. आता घसरलो तर पुन्हा चढ म्हणून सांगू नकोस. माझ्यात तेवढा दम नाही."

क्लेम बोलला की बोलला. त्यात बदल नसे. म्हणून कोरलच्या जिवाला घोर.

पहिली बाटली संपत आली तशी तिनं विचारलं, "दुसरी मिसळून देऊ?" तर स्वारी म्हणाली, "नको. बहिणीच्या पदराखाली किती दिवस? माझी सोय मी केलीय." ॲडलेडला जाऊन आलोय, एवढंच सांगितलं. कोरलला बरं वाटलं. भाऊ हातपाय हलवतोय, आणखी काय पाहिजे?

पण पुढच्या गुरुवारी नाताळच्या गाण्यांची तालीम होती, आणि तिथं क्लेम भलताच झाला. बेरिलनं नुसतं म्हटलं, "क्लेम, अर्धी मात्रा लवकर आलास," तर तो खेकसला, "मग तूच गा खालचा सूर, बाई!" दर थोड्या वेळानं तो बाहेर जाई, खिडकीतून दिसे. ढगांवर ढग सोडतोय, वाफेत डोकं दिसेनासं होतंय, आणि आत आला की चेहरा तसाच ताठलेला. कोरलनं ते हेरलं. वाफवाल्याला वाफवाल्याची नजर असते. एवढं ओढूनही ज्याचं समाधान होत नाही, त्याचं काहीतरी चुकतंय.

रविवारी चर्च सुटल्यावर ती गरम पेस्ट्या फडक्यात बांधून त्याच्या घरी गेली. क्लेम मागच्या अंगणात माकूळ, ती शाई सोडणारी मासळी, साफ करत होता. ती स्वयंपाकघरात शिरली आणि ताटल्या काढायला तिनं कपाट उघडलं.

कपाटात स्ट्रॉबेरीच्या रसाच्या बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. एकाच उंचीच्या, एकाच रंगाच्या, आणि प्रत्येक अगदी टोपणापर्यंत भरलेली. काठोकाठ.

कोरल बघतच राहिली. "क्लेम! अरे इकडे ये!"

तो शाईनं माखलेले हात पुसत आला. "काय झालं?"

"हे काय केलंस?"

"साठा केला. तूच म्हणत होतीस ना, भरून ठेवा, भरून ठेवा?"

"बाटल्या गळ्यापर्यंत कशा भरल्यात या?"

क्लेमची छाती फुगली. "मी भरल्या! लबाड निघाला तो दुकानदार. घरी येऊन बघतो तर एकूण एक बाटली वरून रिकामी. चांगली दोन बोटं! म्हटलं, वॉलारूचा म्हातारा बघून गंडवतोस काय? मग चारपाच बाटल्या उपड्या केल्या आणि त्यांतून बाकीच्या भरून काढल्या. आता कशा दिसतायत?"

कोरलनं ताटली खाली ठेवली. खुर्ची ओढली. बसली. आणि मग ती हसायला लागली ती थांबेचना. डोळ्यांतून पाणी, पोटावर हात, शब्द फुटेना.

"हसायला काय झालं?"

"अरे शहाण्या... ती जागा... ती जागा निकसाठी ठेवलेली असते!"

"कुणासाठी?"

"निकसाठी!"

क्लेमचा चेहरा हळूहळू बदलला. कुठं तरी काही तरी आठवत असल्यासारखा. "तो दुकानातला पोरगाही हेच म्हणत होता," तो सावकाश म्हणाला. "पैसे घेताना म्हणाला, निक तुमचा तुम्ही घाला. मी म्हटलं, बाबा, मी कुणा निकला ओळखत नाही. तो हसला. मला वाटलं, पोरगा स्वभावानंच हसरा आहे."

कोरलनं टेबलावर डोकं टेकलं. "निक म्हणजे निकोटीन, क्लेम! दुकानात मिळतो तो कोरा रस. वर जागा सोडतात ती आपण आपलं निकोटीन ओतावं म्हणून. मी दिलेली बाटली होती ना, त्यात मी घातलं होतं."

"म्हणजे यांच्यात..."

"स्ट्रॉबेरीचा वास आहे."

"आणि?"

"आणि काही नाही. साखरेची वाफ."

आता क्लेमही हसेल म्हणून ती वाट बघत होती. तो हसला नाही. तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. मग त्यानं सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. सिगारेटचं. वरचा चकचकीत कागद अजून शाबूत होता.

"काल घेतलं," तो म्हणाला. "उघडलं नाही. रात्रभर उशाशी होतं. मला वाटत होतं, माझाच पीळ जात नाही, किटली लागू पडते ती दुसऱ्यांना. मला नाही."

कोरलचं हसू कुठल्या कुठं गेलं. आठवडाभर हा माणूस कोऱ्या वाफेवर एकटा झुंजत होता आणि स्वतःलाच दोष देत होता. आणि तरी पाकीट उघडलं नव्हतं! तिला त्याला पोटाशी धरावंसं वाटलं. पण ट्रेव्होरोंच्या घरात ती रीत नव्हती. तिनं पाकीट उचललं आणि एप्रनच्या खिशात टाकलं.

"उठ. माझ्या घरी चल."

"माकूळ?"

"माकूळ पळून जात नाही आता. चल."

धुण्याच्या खोलीत तिनं गळ्यातली किल्ली काढली, कुलूप उघडलं, खेकडे बाजूला केले, पेस्ट्या बाजूला केल्या आणि तळाचा डबा वर काढला. क्लेम तोंड उघडं टाकून बघत राहिला. मोज्यांमागून मोजे.

"कोरल! हे तर आपल्या दोघांनाही आयुष्यभर पुरेल!"

"पुरेल."

"मग झालं तर! सुटलो!" त्यानं भिंतीला पाठ टेकून सुस्कारा सोडला, आणि त्या सुस्काऱ्यातच त्याला खोकला आला. तो खोकला कोरलनं पुरता ऐकला. खालून येणारा, ओला, कशाला तरी अडकून फाटणारा. असाच खोकला तिनं तेरा वर्षांची असताना भिंतीपलीकडून ऐकला होता. बाप तेव्हा दवाखान्यात गेला आणि परत आला तो अंथरुणावर पडायलाच आला. त्या घरात तेव्हापासून दवाखान्याचं नाव कुणी काढत नसे. जो पायरी चढतो तो झोपतो, असं न बोलता ठरून गेलं होतं.

कोरलनं हातमोजे चढवले, वजनकाटा मांडला. बाटली कोमट व्हायची वाट बघता बघता तिच्या मनात एक गोष्ट लख्ख झाली. एवढ्या मोठ्या साठ्याचा क्लेमला आनंद कशाचा झाला? निकोटीनचा? छे. डॉक्टरकडे जावं लागणार नाही, याचा.

तिनं थेंब थेंब मोजून छोटी बाटली भरली. पुरती छोटी. टोपण लावलं, हलवली, त्याच्या हातात दिली आणि डबा परत तळाशी ठेवून कुलूप घातलं.

"एवढीच?"

"डॉक्टरकडे जाईपर्यंतची."

"कुठला डॉक्टर?"

"हॉस्पिटलशेजारच्या दवाखान्यात ती नवी बाई आली आहे. तिच्याकडून चिठ्ठी घ्यायची. सरकार म्हणतंय ना चिठ्ठी, तर चिठ्ठी. उद्या फोन करते."

"अगं पण हे सगळं आहे की इथं! कशाला हवी चिठ्ठी?"

"चिठ्ठीसाठी नाही, क्लेम. ती बाई तुझी छाती ऐकेल."

क्लेमचा चेहरा पांढराफटक पडला. मग लाल झाला. "म्हणजे सौदा करतेस? भावाशी? नाही गेलो तर नाही देणार? आणि मी पाकीट उघडलं तर?"

इथं भलीभली माणसं डगमगतात. कोरलचंही पाऊल डगमगलं. खरंच त्यानं उघडलं तर? हा शेवटचा, असं तो म्हणाला होता. तिनं एप्रनच्या खिशातलं पाकीट चाचपलं. गावात दुकानं काय थोडी होती!

"उघडलंस तर मी रडेन," ती म्हणाली. "पण तुला लपायला माझा फ्रीझर देणार नाही. तू निकोटीन नाही मागत, क्लेम. तू दडायला जागा मागतोस."

क्लेम हळूच म्हणाला, "आणि तू?"

"मी काय?"

"तुझी छाती शेवटची कुणी ऐकली, कोरल? माझा साठा एका कपाटाचा. तुझा बघ. कुलूप, मोजे, खेकडे! माझ्याहून खोल दडली आहेस तू."

कोरलनं फ्रीझरकडे पाहिलं. किल्ली हातात तशीच राहिली. चार वर्षं ती स्वतःला हुशार समजत होती; वेळेवर भरलं, नीट झाकलं, कुणाच्या दारी जायला नको. कुणाच्या दारी? आता तिलाही कळलं. तेच दार. भावाची चूक बाटलीत होती म्हणून दिसली. तिची चूक मोज्यांत गुंडाळलेली होती.

"बरं," ती म्हणाली. "बरं. दोघांचं नाव देते. एकामागं एक."

"आधी तू."

"आधी तू. थोरला आहेस."

क्लेम ती छोटी बाटली घेऊन गेला. जाताना दारही आपटलं नाही, आणि ते कोरलला जास्त लागलं. पुढचे दिवस ती बेकरीतून येताना त्याच्या घरावरून जाई. अंगणात धूर दिसतोय का, ते बघे. गुरुवारी तालमीला तो आला, मागच्या रांगेत उभा राहिला, मात्रा चुकला नाही. बेरिलकडे बघून एवढंच म्हणाला, "मागच्या खेपेला बोललो ते सोडून दे." बेरिल म्हणाली, "काय बोललास? मला ऐकू कमी येतं." आणि तिनं सूर धरला.

दवाखान्याच्या दिवशी कोरल वेळेआधीच जाऊन बसली. दाराकडे डोळे लावून. तो येईल? नाही येणार? घड्याळ बघायचं नाही असं ठरवून ती भिंतीवरचं दात घासायचं चित्र बघत राहिली. आणि दार उघडलं. क्लेम. रविवारचा कोट घालून, केस पाण्यानं चापून बसवून, जणू कुणाच्या अंत्यविधीला आलाय.

"कुणाचं लग्न आहे?" कोरलनं विचारलं.

"गप्प बस. मन फिरायच्या आधी डॉक्टरकडे ने मला."

डॉक्टरीणबाई डॉ. एझेनवा नायजेरियाहून आलेल्या. उंच, आवाज मऊ, घाई अजिबात नाही. क्लेमनं कोरलला आतच थांबवून घेतलं. पाठीवर छाती ऐकायच्या नळीचं गार टोक टेकलं तसा तो दचकला.

"गार आहे हो हे!"

"वॉलारूचा वारा याहून गार आहे," बाई म्हणाल्या. "श्वास घ्या. सोडा. अजून सोडा." त्या थांबल्या. "गाता वाटतं तुम्ही?"

"छातीतून गाणं ऐकू येतं होय?"

"श्वास सोडायची रीत कळते. गाणारा माणूस तो उधळत नाही. खोकला कधीपासून?"

क्लेमनं खोटं बोलायला तोंड उघडलं, बहिणीकडे पाहिलं, आणि खरं सांगितलं. जून गेली तेव्हापासून. रक्त? नाही. दम लागतो? लागतो. कुठं? कोठाराच्या जिन्यावर लागायचा, आता चर्चच्या पायऱ्यांवर लागतो. एक सांगितलं तसं दुसरं आलं, आणि सहा वर्षांचं साचलेलं भळाभळा बाहेर पडलं. बाईंनी एका पुठ्ठ्याच्या नळीत फुंकायला लावलं. "फुंका, फुंका, अजून, अजून," आणि क्लेमनं असं फुंकलं की त्याचे कान तांबडे झाले. मग कोरलची पाळी. तेच गार टोक, तेच प्रश्न. दोघांनाही छातीचे फोटो काढायला शेजारी पाठवलं आणि दोघांनाही चिठ्ठी लिहून दिली. त्यातली मात्रा दर खेपेला थोडी उतरवायची, हे बजावून.

बाहेर येताना क्लेमनं ती चिठ्ठी टोपीच्या आत खोचली. "एवढ्यासाठी मी सहा वर्षं पळत होतो," तो म्हणाला. "ती नळी काय गार होती ते सोड, बाकी काही वाईट नव्हतं."

आठवड्यानं दोघांना परत बोलावलं. बाईंनी क्लेमचा फोटो उजेडावर धरला. फुफ्फुसं थकलेली आहेत, त्या म्हणाल्या, गेलेलं परत येणार नाही. पण धुराकडे पुन्हा वळला नाहीत तर आहे ते बरीच वर्षं साथ देईल. बापाला जे झालं होतं ते यात कुठं दिसत नाही. क्लेम खुर्चीत मागं रेलला. डोळे मिटले.

मग बाईंनी दुसरा फोटो लावला. त्यावर त्यांचं बोट एका जागी थांबलं.

"कोरल, इथं वाटाण्याएवढा एक डाग आहे. बहुतेक वेळा असा डाग जुना, निरुपद्रवी असतो. पण बहुतेक वेळा म्हणून मी सोडून देत नाही. ॲडलेडला मोठं यंत्र आहे. तिथं बघून घेऊ. या आठवड्यातच."

गाडीपाशी येऊन कोरलनं मनातल्या मनात दिवस मोजले. मग म्हणाली, "या आठवड्यात कसं जमेल? शाळेच्या जत्रेच्या पेस्ट्या आहेत. मग नाताळच्या ऑर्डरी. जानेवारीत जाईन."

क्लेमनं तिच्याकडे पाहिलं. पूर्वीचा क्लेम असता तर म्हणाला असता, हो, जानेवारीत बघू. त्यालाही तेच सोपं होतं. पण त्यानं आपल्या गाडीचं दार उघडलं.

"पेस्ट्या डॅझची बायको वळेल."

"तिला कडा मुडपता येत नाहीत!"

"मग न मुडपलेल्या खातील पोरं. जीव जात नाही कुणाचा. शुक्रवारी सकाळी येतो. तयार राहा."

"क्लेम, मला भीती वाटते रे."

"मलाही वाटते," तो म्हणाला. "मी कुठं म्हणतो नको वाटू दे? भीती मागच्या सीटवर बसेल. तू पुढं बस."

आणि तो शुक्रवारी आला. त्याच रविवारच्या कोटात.

रस्त्याच्या दोन्ही अंगांनी मोहरीसारखी पिवळी शेतं फुलली होती. वाटेतलं पोर्ट वेकफिल्ड गाव मागं पडलं. कोरल खिडकीला डोकं टेकून बसली होती, हात मांडीत, बोटं एकमेकांत अडकवलेली. क्लेमनं तिच्याकडे एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि मग कुठलीही प्रस्तावना न करता, पणजोबांच्या गाण्यांतलं ते सगळ्यांत संथ गाणं खालच्या सुरात सुरू केलं.

"आता? गाडीत?" कोरल म्हणाली.

तो गातच राहिला. त्या गाण्यात मध्यावर एक ओळ आहे, लांबच लांब, चढत जाणारी. एका श्वासात ती कुणालाच पेलत नाही. म्हणून गाणारे ती वाटून घेतात. एकानं श्वास घ्यायचा तेव्हा दुसऱ्यानं थांबायचं नाही. त्यानं घेतला की यानं धरायचं. ऐकणाऱ्याला वाटतं, एकच अखंड सूर चाललाय.

क्लेम त्या ओळीवर आला. निम्म्यावर पोचला, आणि त्याचा दम संपला. खोकला वर आला. त्यानं स्टिअरिंग घट्ट धरलं.

कोरलनं डोकं काचेवरून उचललं. सूर अजून हवेत होता, विरायला लागला होता. तिनं तो उचलला. वरच्या पट्टीत, थोडा कापरा, पण नेमका. क्लेमनं मान हलवली, खोल श्वास घेतला आणि तिचा संपायच्या आत खाली येऊन उभा राहिला.

मग त्यांनी ती ओळ पहिल्यापासून घेतली, आणि पुन्हा घेतली. ॲडलेडची पहिली घरं दिसेपर्यंत ती कुठं तुटली नाही.